पट्ट्यातला दगड आणि तिसरं कडवं

टक्, टक्, टक्. ताई, लहानपणी तू पत्र्याच्या पेटीवर फूटपट्टी आपटत माझ्याकडून शाळेतल्या कविता पाठ करून घ्यायचीस, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे.

पण आधी नमस्कार (वाकून, गुडघे परवानगी देतील तेवढा). कंबर कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? मी बरा आहे. सूनबाईच्या मते मला ऐकू कमी येतं, बोलणं मात्र कमी झालेलं नाही.

बातमी अशी, की मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य दगड फिरत असतात, त्यांतला एक माझ्या नावावर लागला आहे. वेधशाळेत नोकरीला असताना मी त्याचा फोटो घेतला होता. त्याची वाट पक्की ठरायला छत्तीस वर्षं लागली (माझ्या धाकट्या मुलाचं लग्न ठरायलासुद्धा इतकी लागली नाहीत). आता त्याला नाव मी सुचवायचं आणि सोबत शोधाची हकीकत लिहून द्यायची. घोडं अडलंय ते इथेच.

खरं काय घडलं ते फक्त तुला सांगतो. त्या रात्री दुर्बिणीतली फोटोची काच वीस मिनिटं उघडी ठेवायची होती. ताऱ्यांच्या चालीने दुर्बीण फिरवणारं यंत्र टकटक करत होतं, अगदी तुझ्या फूटपट्टीच्या ठेक्यात. साहजिकच मी कविता सुरू केली आणि तिसऱ्या कडव्याशी अडकलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथेच अडकलो. भानावर आलो तेव्हा सव्वा तास उलटला होता. काच वाया गेली, असंच धरून चाललो. पण ती धुऊन पाहतो तो काय, सगळे तारे टिंबासारखे आणि एकाच टिंबाची बारीकशी रेघ झालेली. तेवढ्या वेळात हे महाशय चालत होते. वीस मिनिटांत आवरलं असतं, तर ताऱ्यांच्या गर्दीत खपून गेले असते. साहेबांनी शेरा लिहिला, ‘निरीक्षकाने विचारपूर्वक जास्त वेळ दिला.’ मी मूग गिळून बसलो, तो आजतागायत.

तुझा,
धांदरट धाकटा

ता. क. नाव तुझं सुचवलंय, ‘ठकू’. तू शाळा सोडलीस म्हणून मला शिकता आलं, ते मी विसरलेलो नाही. पण खरं लिहिलं तर नाव द्यायचा मान काढून घेतील का? लिहू की नको, ते कळव. जमल्यास तिसरं कडवंही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तोच दारात काठी टेकत आमचे जुने साहेब हजर. नव्वदी ओलांडलेला माणूस न कळवता दोन जिने चढून आला. मी पाणी आणायला वळलो, तर धापा टाकत म्हणाले, “काय हो, ते तिसरं कडवं आठवलं का शेवटी? त्या रात्री तुमच्या मागे उभं राहून माझे पाय भरून आले होते.”