शेंदराखालचा नंबर

सर्वण, ता. २० नोव्हेंबर १९८६
ट्रॅक्टर चालतो, पण मागचा नांगर वर उचलत नाही. पाळी गावचा बाबली मागतोय, देऊन टाकू, असं ह्यांचं म्हणणं. त्याला खाणीवर पाण्याचा टँकर ओढायचाय, नांगराशी त्याचं काय अडलंय. मी म्हटलं, मामंजींनी घेतलेली वस्तू अशी देता येत नाही. शेवटी ठरलं, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, नांगरणीपर्यंत दुरुस्त झाला तर घरी राहील, नाही तर बाबलीचा. नांगरणी डिसेंबरअखेर. वेळ भरपूर आहे.
मेस्त, मेकॅनिक कोणी बोलवायचा नाही. मी मॅट्रिक आहे. दुरुस्तीचं पुस्तक आणायचं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे करायचं.

२४ नोव्हेंबर
डिचोलीच्या दुकानात दोन पुस्तकं निघाली, दोन वेगळ्या मॉडेलांची. एक इंग्रजी, जाड. दुसरं मराठी, कव्हरवर आपल्यासारखाच लाल ट्रॅक्टर. दुकानदार म्हणाला, बाय, आधी इंजिनावरच्या पाटीचा नंबर बघून ये, मग काय ते घे. सज्जन माणूस. काही न घेता परतले.

२५ नोव्हेंबर
पाटी सापडली. दर खंडेनवमीला मी तिलाच तेल-शेंदूर लावते. चौदा वर्षांचा थर आहे, अक्षर दिसत नाही. हे खिळा घेऊन आले. मी अडवलं. पुजलेला शेंदूर खरवडायचा नसतो. हे म्हणाले, मग नंबर काय तुझ्या स्वप्नात येणार?

१ डिसेंबर
हळर्णहून नणंद आली, भाग्यलक्ष्मी. त्यांच्याकडे सखाराम मेस्त आहे, सावंतवाडीकडचा, अर्ध्या दिवसात नांगर उचलून देतो म्हणे. मी म्हटलं, मेस्ताच्या हातात एकदा गेलं की जन्मभर त्याच्याच हातात. ती म्हणाली, वयनी, तुझ्या पुस्तकाला हात कुठे आहेत ते तरी दाखव. तिचा स्वभाव पहिल्यापासून असा.

४ डिसेंबर, मार्गशीर्ष गुरुवार
देवीलाच विचारलं. कौल घ्यायला देवळात जातात, पण पुस्तकासाठी भटजींना कशाला त्रास. घरच्या देवीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावल्या. मराठी पुस्तक घ्यायचं असेल तर उजवी पाड, असं गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. पाणी जास्त झालं असावं. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा म्हटलं, मराठी घ्यायचं तर डावी पाड. डावी पडली.
कौल स्पष्ट आहे.

९ डिसेंबर
कोंकणी-मराठी भाषेच्या भांडणावरून बाजार बंद, बस नाही. पुस्तक राहिलं. कौल सांगितला तर हे म्हणाले, ट्रॅक्टराला आमची कोंकणी समजते ती पुरे. आजच्या दिवसांत असं मोठ्याने बोलू नये.

१३ डिसेंबर
मराठी पुस्तक आणलं. हळद-कुंकू वाहिलं, पेपरचं कव्हर घातलं. रोज अंघोळीनंतर दहा पानं वाचायची. ह्यांनी विचारलं, नंबर जुळतो का. म्हटलं, श्रद्धा लागते.

२१ डिसेंबर, दुपार
दुरुस्ती सुरू. मी वाचत होते, हे पाना फिरवत होते. पान चौसष्ट: चार बोल्ट सैल करावेत. आपल्याला सहा निघाले. दोन मजबुतीसाठी जास्तीचे असावेत. सगळे काढले. भळाभळा तेल आलं, थेट तुळशीपर्यंत. मग आत काहीतरी कडकन मोडलं. हे शांतपणे म्हणाले, पुढचं वाच. पुढच्या पानावरची आकृती आपल्या ट्रॅक्टरसारखी दिसेना. वस्तू जुनी आहे, झिजून आकार बदलला असेल.
तुळशीला दोन घागरी पाणी घातलं. कंबर धरली आहे. उद्या पान पासष्ट.

२४ डिसेंबर
पान पासष्ट वाचलं. उद्या पुन्हा वाचेन.

२७ डिसेंबर
शेजाऱ्यांनी नांगर घातला. हे मला न विचारता सखाराम मेस्ताला घेऊन आले. मी चहा केला. त्याने राकेलचा बोळा घेतला आणि पाटी पुसली. मी हां हां म्हणेपर्यंत शेंदूर उतरला, नंबर लख्ख. मग माझं पुस्तक चाळून म्हणाला, वयनी, ह्या दुसऱ्या ट्रॅक्टराचा. तुमच्या नंबराचा तां इंग्रजीत मिळतां. नांगर उचलत नव्हता तो फक्त एका रबरी सीलमुळे, तासाभराचं काम. पण त्या दिवशी जे मोडलं, ते बेळगावहून मागवावं लागणार. पंधरा दिवस.
ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

३ जानेवारी १९८७
वायंगण बैलांनी नांगरून घेतलं. ट्रॅक्टर मेस्ताने बोल्ट बसवून, तेल भरून चालण्यापुरता करून दिलाय, टँकर ओढायला तेवढं पुरे. बाबली सकाळीच आला. ह्यांनी नारळ फोडला. मी बॉनेटला कुंकू लावलं, पाटीला लावलं नाही. वर बसल्यावर बाबलीने विचारलं, वयनी, ह्याचं पुस्तक-बिस्तक काय आहे?
नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलले नाही. त्या ट्रॅक्टरचं पुस्तक ह्या घरात कधी नव्हतंच.