खाडीचा रंग

बुधवार, ९ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. मी सुखरूप पोचले. तुझा गुडघा कसा आहे? काकांना म्हणावं, पंखा स्वतः दुरुस्त करू नका. मागच्या वेळी घरभर अंधार केला होता. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे, कारण फोन केला की तू "आवाज येत नाही" म्हणून ठेवून देतेस.

किनाऱ्याचा नकाशा सोमवारी पुढे जायचा आहे. सगळे पट्टे रंगवून झाले, तुझी खाडी तेवढी राहिली. साहेब म्हणतात, "तिथे काही नव्हतंच ना? मग पांढरी करा आणि मोकळ्या व्हा." माझा हात उठत नाही.

राग मानू नकोस, पण त्या दिवशी तू मला खाडीवरून घाईघाईने परत का आणलंस? म्हणे, "ऊन लागेल, चल." लहानपणी मला भर उन्हात त्याच चिखलात बसवणारी तू! एक शिंपला नाही, एक भोक नाही. म्हटलं, लोकांनी खायला काढले असतील. पण मग नखाएवढी पिल्लं कुठे गेली? ती तुम्ही कोणीच नेत नाही, जागच्या जागी परत टाकता. मी एकदा एक खिशात घातलं तर तू पाठीत धपाटा घातला होतास. पक्षीसुद्धा चिखलात चोची खुपसत नुसते भिरभिरत होते. आणि न्हाणीमागे ती ओली पोती. मी तिकडे वळले तर शेजारीण आडवी आली, आणि नेमकी तेव्हाच तिला माझ्या नोकरीची चौकशी सुचली. तुझ्यावर संशय घ्यायची मला लाज वाटते. तरी तो जात नाही.

आदल्या संध्याकाळी तू विचारलंस, "लाल म्हणजे काय गं?" मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "लाल म्हणजे हात लावायचा नाही." तू तशीच उठून शेजारणीकडे गेलीस. आत्या, मी तेलाबद्दल बोलत होते, तुमच्या शिंपले काढण्याबद्दल नाही! जहाजातून तेल सांडलं तर ते सगळीकडे अडवता येत नाही, ते अडवणारे तरंगते बांध मोजकेच असतात. शिंपले, खेकडे असतील ती जागा लाल, ती आधी वाचवायची. काहीच नसेल ती पांढरी. तेल तिकडे वळवायचं. कळलं ना, तुझी खाडी पांढरी झाली तर काय होईल?

तुमचं शिंपले काढणं कधीच बंद होणार नाही, अशी शपथ मला घेता येत नाही. उद्या दुसरा कोणी साहेब त्या लाल रंगावर बोट ठेवून काय म्हणेल, मला माहीत नाही. पण खोटं बोलून तुझ्याकडून खरं काढून घ्यायचं नाही. सोमवारच्या आत एक ओळ लिही.

तुझ्या हाताखाली वाढलेली आणि तुझ्यावरच संशय घेणारी,
भाची


शुक्रवार

भाचीबाईंना आशीर्वाद.

गुडघा तसाच आहे. पंखा काकांनी बिघडवलाच.

आलीस पाहुणी म्हणून आणि माझ्याच घरात डोकावत फिरलीस. असो. शिंपले आम्हीच काढले, पोत्यांत भरले, तू गेल्यावर परत पेरले. पण पोत्यांत पुष्कळ मेले गं. पिल्लं तर फारच. चिखलात बसून रडले मी. शेजारणीला कळू देऊ नकोस.

तुझ्या साहेबावर माझा विश्वास नाही. खरं सांगू? तुझ्यावरही पुरता नाही, पगार तू त्याचाच घेतेस. रविवारी ओहोटीला ये. एकटी ये. जगलंय ते डोळ्यांनी बघ आणि मग लाल रंगव. आणि कोणी कुंपण घालायला आलं तर तू कुठल्या बाजूला उभी राहशील, ते मला तिथेच, माझ्याकडे बघून सांग.

तोवर तुझीच,
आत्या