कोबेच्या घराचा फोटो

हानोफर, जर्मनी, ९ ऑक्टोबर १९५७
टर्बाइनच्या पात्यांची आकृती झाली. मान आखडली आहे. ह्यांचा प्रबंध महिनाअखेर द्यायचा, अजून सहा आकृत्या बाकी. पुण्यात मी पीडब्ल्यूडीत नकाशे उतरवणारी ट्रेसर होते तेव्हा निदान पाचला सुटत होते. हे म्हणाले, "रविवारी प्रोफेसर आपल्याला ब्रेमेनला नेतायत. जरीची नेस."

१३ ऑक्टो., रवि.
ब्रेमेन. बंदराजवळ एका व्यापाऱ्याचं घर, आता म्युझियम. तो वीस वर्षं जपानात, कोबे बंदरात होता. तिथेही असंच युरोपी घर बांधलं. त्या घराचा फोटो भिंतीवर. लाकडी व्हरांडा, उंच खिडक्या, पायऱ्यांवर कुटुंब. खाली सगळ्यांची नावं, कुत्र्याचंसुद्धा. कडेला बाळ घेतलेली जपानी बाई. तिच्याखाली नुसतं 'दाई'.
प्रोफेसरांची बायको म्हणाली, "किती सुंदर घर!" मी आपलं जर्मनमध्ये 'या, या', म्हणजे हो, हो केलं.
जिन्यात प्रोफेसर ह्यांना म्हणाले, "तुमच्या आकृत्या फार सुबक. कुठे शिकलात?"
हे हसले. "पुण्यात."
मी दोनच पायऱ्या मागे. मला जर्मन कळत नाही असं सगळ्यांना वाटतं. ह्यांनाही?
परतताना गाडीत विचारलं, "अहो, पुण्यात कोण शिकलं?"
"तिथे काय सांगत बसायचं? आणि आपल्यात तुझं-माझं असतं का?"

१५ ऑक्टो.
शाईची बाटली उघडली नाही. "रुसलीस?" म्हणे. रुसायला समोर समजूत काढणारं माणूस लागतं.

१८ ऑक्टो., शुक्र.
ट्रामने एकटी गेले. पूल बांधणाऱ्या एका कंपनीला आरेखक बाई हवी होती. साहेबाने तिथेच पुलाच्या एका सांध्याची आकृती काढायला लावली. त्याने भिंग लावून पाहिलं. "गेनाऊ! अगदी अचूक! सोमवारपासून या." मग फॉर्म दिला. "नवऱ्याची सही आणा."
सबंध वाट चालत आले.

१९ ऑक्टो., शनि.
ह्यांनी फॉर्म दोनदा वाचला.
"करतो सही. आधी सहा आकृत्या संपव."
"प्रबंधात माझं नाव घाला."
"बायकोचं नाव कुणी घालतं का? प्रोफेसरांना काय वाटेल?"
"आणि मला?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म टेबलावर तसाच, पेन त्यांच्या खिशात. सोमवार परवा. कणीक अर्धी मळून सोडली आणि मी डायरी लिहायला बसले. तेवढ्यात ह्यांचं दोनदा विचारून झालं, जेवायला काय आहे म्हणून.