लाडवाचा कागद

वारणानगर, वसतिगृह

तीर्थरूप अप्पांना शरणु शरणार्थी, नमस्कार,

मी बरी हाय, अभ्यासबी चाललाय. काळजी नको.

डबा मिळाला. माझ्याच कन्नड गोष्टींच्या पुस्तकाच्या पानात लाडू बांधलेत की तुम्ही! "दहावीला कन्नड न्हाय, वाचून काय मार्क मिळणार?" म्हणत पुस्तक दुकानात पुड्या बांधायला फाडलंत, व्हय ना? मार्कांसाठी वाचतच नव्हते मी. मजा यायची.

अज्जीचा खोकला कसा हाय? तिला आता गोष्ट कोण वाचून दाखवतं?

लाडू मुलींना वाटून टाकले, एकबी खाल्ला न्हाय. तुपकट पान तेवढं वाचलं. गोष्ट मधेच तुटलीय. पुढचं पान कुठल्या गिऱ्हाइकाकडं गेलं ते कळवा. सुट्टीत आधी त्यांच्या दारात जाईन, मग आपल्या.

तुमचीच,
शिवलीला