ताईची 'व्हिजिट'

रत्नागिरी, मंगळवार संध्याकाळ

ताईला अमेरिकेचा व्हिसा नाकारला. भाच्याचा आत्ताच मुंबईहून फोन आला. म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला ती जाऊ शकत नाही.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी 'व्हिजिट' हे क्रियापद मीच तिला शिकवलं. भेटायला जाणं, पाहुणं म्हणून राहणं, परत येणं. वाक्यं पाठ झाली, पण अर्थ काही पटेना. "लेकीकडे मी पाहुणी कसली रे? नुसती बसून खाऊ? बाळाला पायावर घेऊन न्हाऊ कोण घालणार?" मी हसलो आणि पुढचं वाक्य घेतलं. तिथे थांबायला हवं होतं.

कशासाठी जाताय, असं मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारल्यावर ताई म्हणाली, "नो व्हिजिट. आय गो फॉर वर्क. ऑल वर्क." बाहेर येऊन भाच्याला तिने हे अभिमानाने सांगितलं. कामासाठी जाणाऱ्याला भेटीचा व्हिसा देत नाहीत, एवढंच मी बोललो नव्हतो. कसं सुचलं नाही?

पुन्हा अर्ज करता येईल, पण भाचीला नववा लागलाय. बाळाला न्हाऊ घालायला तिकडे कोण आहे?

उद्या ताई परत येईल. स्टेशनवर मीच जाणार. रिक्षात बसल्या बसल्या विचारील, "मी खोटं काय बोलले रे?"