बाबांच्या डोक्यातली लागवड

गंगापूर रोड, नाशिक

ती. शेखरदादास,
सा. नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असणारच, तुझ्यासारख्यांना काही होत नाही. वहिनींना नमस्कार, आणि देवळ्यातल्या तुझ्या बियाण्याच्या दुकानाची भरभराट होवो (तिथेच बसून तू हा घोळ घातलास).

मी प्रयोगशाळेत मेंदूच्या मूळपेशी वाढवते, त्यांतून डोपामिन बनवणाऱ्या पेशी घडवायचा प्रयत्न करते, एवढंच तुला दिवाळीत सांगितलं होतं. बाबांच्या कंपवातात नेमक्या त्याच पेशी मरतात, हेही सांगितलं. माणसाला देण्याजोगं आमच्याकडे अजून काही नाही, हे ऐकायला तू थांबलाच नाहीस. गिऱ्हाइकांसमोर बाबांना सांगून मोकळा झालास, की निकीने रोप टाकलंय, तयार झालं की तुमच्या डोक्यात लागवड! बाबांनी जन्मभर कांदाच लावलेला. ‘जुनं उपटल्याबिगर नवं कुठं लावनार?’ म्हणाले आणि जुन्याला खत नको म्हणून कंपवाताच्या गोळ्या बंद करून बसले. तुझ्या डोळ्यांदेखत! मोरीच्या दारात पाय जागीच अडकून आडवे झाले, तेव्हा कुठे तुला माझा नंबर आठवला.

आता ते माझ्याकडे आहेत, आणि तू पसरवलेली बातमीही. भागुबाई मावशी स्टीलचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर (‘थोडं आमच्या ह्यांनाबी दे’). धोंडीरामकाकांनी फोनवर विचारलं, गावठी की हायब्रीड? आमच्या मॅडम हसून हसून बेजार. मला नाही हसू आलं. त्याच आठवड्यात माझ्या निम्म्या पेशी भलत्याच जातीच्या झाल्या, उरलेल्यांना बुरशी लागली, आणि मी सगळं ब्लीचमध्ये ओतलं. घरी गेले तर बाबा विचारतात, ‘रोप कसं हाय?’ इतका राग आला रे तुझा! म्हटलं, जोमात आहे, पण लागवडीपर्यंत जमीन चांगली राखावी लागते, गोळी घ्या. घेतली.

लोभ आहे की नाही, ते नंतर बघू.

तुझी बहीण,
निकिता

ता. क. फोन उचलत नाहीस, म्हणून या पत्राचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकतेय. वरचा एक शब्दही मागे घेत नाही.

आणखी एक ता. क. काल त्यांनी पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि गोळी परत डबीत ठेवली. आजही घेतली नाही. म्हणतात, शेखर सांगंल तर खरं. दादा, मला खोटं बोलता येत नाही. उद्या पहिल्या एसटीने ये, आणि रोप तू स्वतः बघून आलास म्हणून सांग.