अण्णांची पाठ

६ जाने. २००८, रवि.
कार्ड छापून आलं. पुढच्या बाजूला माझंच चित्र! गॅलरीवाले दीक्षित सर (इथून पुढे नुसतं दी.) म्हणाले, "सहा जणांचं प्रदर्शन आहे, पण कार्डावर दुसरं काही शोभलंच नसतं." नारायण पेठेतून घरी येईपर्यंत पाय जमिनीवर ठरत नव्हते.
चित्र म्हणजे अण्णा. मार्केट यार्डात हमाली करत होते तेव्हाचे. पाठीवर कांद्याचं पोतं, कमरेत वाकलेले. चेहरा नाही, चित्रभर पाठच. पाच बाय चार फूट. दार लावून काढलं आणि आता चादर घालून कपाटामागे ठेवलंय. उद्घाटन २ फेब्रु. घरी एवढंच माहीत की सुजाताचं काहीतरी प्रद. आहे.
अण्णांना सांगायला हवं. या आठवड्यात सांगतेच.

९ जाने., बुध.
खराडी. ऑफिसमध्ये दिवसभर एकच काम. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरसाठी 'रुग्ण'चा आयकॉन काढायचा. वर गोल, खाली अर्धगोल. क्लायंट म्हणे बाई वाटायला नको, पुरुष वाटायला नको, तरुण नको, म्हातारा नको. चौदा वेळा परत आला. कुणीच नसलेला माणूस काढणं सोपं नाही.
दी.चा फोन. पेपरवाले येणार आहेत. "तुझ्या नावाखाली 'हमालाची मुलगी' असं टाकू या का?" म्हटलं, नको. "अगं, तीच तर ताकद आहे." फोन ठेवल्यावर त्यांचा राग आला. त्याहून जास्त माझा, कारण ऐकताना क्षणभर बरं वाटलं होतं.
घरी अजून सांगितलेलं नाही.

१३ जाने., रवि.
झालं. आई चष्मा शोधायला माझी पर्स उपसत होती, कार्ड बाहेर पडलं. तिनं कौतुकानं अण्णांच्या हातात दिलं. "बघा, लेकीचं चित्र छापलंय."
अण्णांनी आधी मागची बाजू वाचली. मग उलटलं. बराच वेळ बघत होते.
"हा मी?"
"हो."
"तू कधी बघितलंस?"
खरंच, कधी? शाळेत असताना मी यार्डात डबा घेऊन जायचे, तर ते गेटवर यायचे. कधीच आत येऊ दिलं नाही. चित्रासाठी मी दुसऱ्याच हमालांची स्केचेस केली होती, मागच्या वर्षी, चार रविवार. तसं सांगितलं.
"गेटवर यायच्या आधी मी शर्ट बदलायचो. तोंड धुवायचो. कशासाठी?"
कार्ड त्यांनी माझ्या हातात परत दिलं.
"तुला दिसू नये म्हणून. आता अख्ख्या पुण्याला दाखव."
आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर भांडता तरी आलं असतं.

१५ जाने., मंगळ.
अबोला. आईमार्फत निरोप. "तिला सांग, गीझर बंद कर." मी समोरच बसलेली असते.
आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला विचारशील तर पेपर वाचताना काढ त्यांना. तेवढाच वेळ ते चांगले दिसतात, बोलत नाहीत ना."
हसायला आलं आणि मग रडायला.

१७ जाने., गुरु.
सकाळी मी बूट घालत होते. अण्णा दारात. "माझं काढायचंच असेल तर नीट काढ. रविवारी बसतो."
बसमध्ये खराडीपर्यंत हेच डोक्यात. नीट म्हणजे काय ते न विचारताही माहीत आहे.

२० जाने., रवि.
बरोबर ओळखलं होतं. दाढी करून, कोट घालून बसले. निळा. चुलतभावाच्या लग्नात शिवलेला, आता पोटावर बटण लागत नाही. खिशाला पेन. मांडीवर जाड पुस्तक हवं म्हणाले, घरात जाड म्हणून माझं कॉम्प्युटरचं सापडलं तेच घेतलं. आई पदर तोंडाशी धरून आत पळाली.
मला हसू आलं नाही. तो कोट कुठून आला मला ठाऊक आहे. आमच्या सगळ्या घरांत भिंतीवर तोच आहे, जयंतीच्या प्रत्येक बॅनरवर तोच आहे. ज्यांनी पाठ सरळ करायला शिकवलं त्यांचा. अण्णा त्यांच्यासारखं दिसायला बघत नव्हते, त्यांनी सांगितल्यासारखं बसायला बघत होते. हे कळतं मला. पण हाताला कळत नाही. कोट छान उतरला. चेहरा पासपोर्टवरचा.
अण्णा उठून बघायला आले. "जमलंय की."
"अण्णा, यात तुम्ही दिसत नाही."
"आणि त्या पोत्याखाली दिसतो? तिथं तर तू तोंडच काढलं नाहीस."
मग पुस्तक मिटून म्हणाले, "मी कसं दिसायचं ते मी ठरवायचं का तू?"
मी ब्रश धुवायला घेतले.

२३ जाने., बुध.
ऑ.तून लवकर सुटून दी.कडे. म्हटलं, पाठीचं चित्र प्रदर्शनातून काढून घेते. दी. चहा ढवळत राहिले.
"कार्डं गेली. वडलांना समजावून सांग. चित्र पूर्ण झालं की ते कुणाच्या बापाचं राहत नाही."
"सर, त्यांची पाठ आहे ती."
"पाठ सगळ्यांनाच असते."
मग कोटाचं ऐकल्यावर डोळे चमकले. "दोन्ही लावू! शेजारी शेजारी. काय संवाद होईल!"
डोळ्यांसमोर आलं. लोक पोत्यापुढे गंभीर उभे राहणार, आणि मान वळवून कोट बघितला की गालात हसणार. किंवा कीव करणार, ते आणखी वाईट. ठणकावून सांगितलं, कोट मिळणार नाही. दी. म्हणाले, "बरं, मग पाठ तरी पाठव." पुणेरी माणसाला हार कळत नाही.

२७ जाने., रवि.
दुसरी बैठक. दहा मिनिटं जेमतेम. अण्णांनी विचारलं, "ते पोत्याचं लावणार आहेस?"
"माहीत नाही."
उठले. कोट काढला, हँगरला लावला, बाह्या सारख्या केल्या. "मग मला उगाच कशाला बसवतेस."
चेहरा अर्धा राहिला.
स्वतःला तरी खरं सांगावं. लावायचंय. आजवर मी काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र आहे ते. त्या पाठीवर माझं प्रेम आहे. मला तिची लाज नाही, हे ओरडून सांगायचंय.
पण ज्याची लाज मला वाटत नाही ती त्यांना वाटते, आणि ओझं त्यांनी उचललेलं. मी नाही.
आईला विचारलं, काय करू? म्हणाली, "दोघं एकाच मातीचे. मला मधे घेऊ नका."

३१ जाने., गुरु.
सुट्टी टाकली. टेम्पो आला. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. टेम्पोवाला आणि मी, दोघांनी धरलं. पहिल्याच वळणावर अडकलं, माझा पाय सटकला, चादर घसरली.
वरून अण्णा. "सरका दोघं."
चित्र उभं केलं, पाठ टेकवली, हात मागे नेऊन धरलं आणि उतरायला लागले. मी मागून. पुढे कॅनव्हासवरची पाठ, आणि प्रत्येक वळणावर तिच्याखालून कडेनं दिसणारी खरी. ती मी आज पहिल्यांदा बघितली. माझं चित्र बरंच चुकलंय.
टेम्पोत ठेवून हात झटकले. मी म्हटलं, "अण्णा, मी हे..."
"जिन्यावरून पडली असतीस," एवढं बोलून वर गेले.
म्हणजे हो म्हणाले का? छे. पोरगी पडू नये म्हणून उचललं, इतकंच. मला टेम्पो मागे वळवता आला असता. नाही वळवला. संध्याकाळी दी.च्या माणसानं ते मधल्या भिंतीवर लावलं. तिथून उतरवा म्हणायला तोंड उघडलं होतं मी. मिटलं.
घरी येऊन सांगितलं, लावलंय. अण्णा म्हणाले, "बरं." पेपर वाचत राहिले.

२ फेब्रु., शनि.
उद्घाटन सहाला. मी एकटीच जाणार असं धरून चालले होते. आत्ता साडी नेसून बाहेर आले तर अण्णा खुर्चीत बसलेले. दाढी केलेली. निळा कोट. खिशाला पेन.
आई माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे.
तिथं लोक असणार, दी. असणार, पेपरवाले असणार. मधल्या भिंतीवर ते, आणि समोर हे कोटातले. शेजारी शेजारी नको म्हणून भांडून आले होते मी. आता हे स्वतःच निघालेत. थांबवायचा हक्क मला आहे का?
म्हटलं, "अण्णा, येताय?"
"का, नको येऊ?"
"तसं नाही."
रिक्षा खाली आलीय. आई चपला शोधतेय, म्हणून या चार ओळी उभ्या उभ्याच. अण्णांनी कोटाची कॉलर सारखी केली आणि आरशातूनच मला विचारलं, "तिथं कुणी म्हणालं, हा चित्रातला माणूस कोण, तर तू सांगणार का मी सांगू?"